डिकीच्या काचेचं कूळ

टेबल फार मोठं नव्हतं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून घेतलेलं, लोखंडी पायांचं, मुलीच्या अभ्यासासाठी. मागची सीट पाडून ते आडवं सरकवलं आणि डिकी लावायला गेलो, तर एक पाय दोन बोटं आडवा येत होता. तो जरा आत रेटला आणि डिकी पुन्हा, या वेळी जोरात, आपटली. फट्! काच जागेवरच होती, फक्त पांढरी झाली होती, विरजलेल्या दह्यासारखी. मग तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज आतून येऊ लागला आणि बघता बघता वरचा अर्धा भाग खडीसाखरेसारखा टेबलावर ओघळला.

एवढ्या वर्षांत याच काचेवर नारळ पडलेला मी पाहिला होता. झावळीसकट. काच हलली नव्हती. आणि आता लोखंडाचं एक टोक, बोटाच्या पेराएवढं, पुरेसं झालं. ही काच नारळ झेलते आणि टोकाला घाबरते, ते का, हे समजायला उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या गॅरेजात काढलेला दीड दिवस आणि साडेतीनशे वर्षांची तिची कुळकथा, दोन्ही लागले.

पहिलं दुकान व्हीनस चौकाजवळ मिळालं. मालकाने काउंटरमागूनच मॉडेल विचारलं, दर सांगितला आणि म्हणाला, "अर्ध्या तासात बसवून देतो, लगेच घेऊन जा." मला बरं वाटलं. शेजारी चहा पिणाऱ्या रिक्षावाल्याला मात्र वाटलं नाही. तो म्हणाला, "काका, अर्ध्या तासात चहा होतो, काच नाही होत." आणि त्याने लालचक्कीच्या बाजूची एक गल्ली दाखवली.

तिथलं दुकान म्हणजे जुन्या बॅरकीचा एक तुकडा. उल्हासनगरात पत्ता अजूनही बॅरक नंबर आणि सेक्शनने सांगतात. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं याच बॅरकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नाव मिळालं, पण कॅम्पांचे आकडे काही गेले नाहीत. एकेका बॅरकीचे भाग पडले, भागांचे गाळे झाले, गाळ्यांवर माळे चढले. या गावाबद्दल एक गोष्ट सगळेच सांगतात: इथे नमुना दाखवा, वस्तू बनवून मिळते. पँट, पलंग, प्लग, काहीही. मीही त्याच भरवशावर विचारलं, "काच कापून बसवाल ना?"

दुकानदार साठीचे सिंधी गृहस्थ होते. हसले. "साईं, ही कापली तर हातात साखर येईल."

तर हे साखर होणं कुठून आलं?

काचेचा सगळा जुना धंदा एकाच शिस्तीवर उभा होता: गरम काच हळूहळू थंड करायची. घाई केली की तडा. आपल्याकडे १९०८ साली तळेगावला पैसा फंड काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, माणशी वर्षाला एक पैसा अशा वर्गणीतून गोळा झालेल्या निधीवर. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कराडजवळ ओगलेवाडी उभी राहिली आणि तिचा 'प्रभाकर' कंदील घरोघर पोचला. तिथली भट्टीही हीच शिस्त पाळणारी. तरीही कंदिलाची काच शेवटी काचच. पेटत्या कंदिलाच्या काचेवर ओल्या हाताचा एक थेंब उडाला की ती टिच करून तडकायची, आणि मग ज्याचा हात त्याला बोलणी. एकीकडे तापलेली आणि एका ठिपक्यापुरती गार झालेली काच स्वतःशीच भांडते, हे माझ्या आजीला पदार्थविज्ञानाशिवाय माहीत होतं.

युरोपात मात्र या भांडणाचं कौतुक करणारं एक खेळणं होतं. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडायचा. तो शेपटीवाल्या बेडकाच्या पिल्लासारखा गोठतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारा, फुटत नाही. शेपटीचं टोक चिमटीने मोडा, सगळा थेंब एका क्षणात पीठ. १६६०च्या सुमाराला ऱ्हाइनकडच्या राजपुत्र रुपर्टने हे थेंब इंग्लंडात आणले, आणि दुसऱ्या चार्ल्स राजाने ते १६६१मध्ये रॉयल सोसायटीच्या विद्वानांपुढे टाकले. रॉबर्ट हूकने त्यावर बराच वेळ घालवला आणि १६६५च्या 'मायक्रोग्राफिया'त लिहिलं. हूकची युक्ती मला फार आवडते. थेंब फुटला की तुकडे उडून जातात, मग भेगा बघायच्या कशा? त्याने थेंबावर माशाचा डिंक थापला, वाळू दिला आणि मग शेपटी मोडली. थेंब फुटला, पण डिंकाने तुकडे धरून ठेवले.

हे मला आठवलं, कारण दुकानातला पोरगा त्याच वेळी माझ्या उरलेल्या अर्ध्या काचेवर रुंद चिकटपट्टीचे पट्टे मारत होता. आडवे, उभे, पुन्हा आडवे. मग त्याने आतून हलकेच ढकललं आणि सगळा चुरा गोधडीसारखा एका तुकड्यात बाहेर आला. हूकचं नाव त्याने ऐकलं नसेल. ऐकायची गरजही नव्हती.

थेंब पाण्यात पडला की त्याची कातडी आधी गोठते, आतली काच अजून मऊच असते. ती नंतर थंड होते, आकसू बघते, पण बाहेरची कातडी तिला आकसू देत नाही. म्हणून आत कायमचा ताण आणि बाहेर कायमचा दाब. सुंभाची बाज आठवा. दोऱ्या ताणलेल्या, त्या ओढीने चौकट दाबलेली, आणि या दोघांच्या रस्सीखेचीवरच बाज कडक. काच मोडते ती वरच्या कातडीवरची बारीकशी चीर ओढली जाऊन उघडते म्हणून. इथे कातडी दाबलेली असल्याने चीर उघडतच नाही. नारळाने हेच अनुभवलं. पण एखादं टोक कातडी भेदून आतल्या ताणापर्यंत पोचलं, की बाजेची दोरी तुटली. १९९४मध्ये चंद्रशेखर आणि चौधरी या दोघा संशोधकांनी, एक अमेरिकेतल्या पर्ड्यूचे, दुसरे केंब्रिजचे, अतिवेगवान कॅमेऱ्याने रुपर्टच्या थेंबाचे फोटो काढले. भेग सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावत होती, फाटे फोडत. माझ्या काचेला पांढरं व्हायला जो 'क्षण' लागला असं मला वाटलं, तो खरं तर क्षणाचाही हजारावा भाग असणार.

खेळण्याचा धंदा करायचं पहिल्यांदा जमलं ते फ्रान्सच्या रॉयर द ला बास्ती यांना. १८७४ साली त्यांनी तापलेली काच गरम तेलात बुडवून टणक करायचं पेटंट घेतलं. त्यांच्या काचेतून बनलेल्या वस्तूंत दिव्यांच्या चिमण्याही होत्या, म्हणजे आजीच्या थेंबाला उत्तर. पण ही भांडी कधीकधी कपाटात ठेवल्या ठेवल्या, कुणी हात न लावता, फुटत. गिऱ्हाईक एकदा घाबरलं की संपलं. कल्पना तशीच पडून राहिली, आणि मग मोटार आली.

सुरुवातीच्या मोटारींना मागची काच नव्हतीच. कापडी टप, आणि त्याला मागे शिवलेली सेल्युलॉइडची चिमुकली खिडकी. 'डिकी' हा शब्द तर मोटारीहूनही जुना. साहेबाच्या बग्गीच्या मागे नोकराला बसायची जी जागा, ती 'डिकी'. मग दोन आसनी मोटारीच्या पाठीत घडी होणारी उघडी सीट, तीही डिकी. सीट गेली, सामान आलं, पत्र्याचं झाकण आलं, हल्लीच्या आखूड गाड्यांत झाकणालाच काच आली, पण आपण नोकराच्या जागेचं नाव सोडलं नाही. उलट तावदान हा चांगला शब्द, फारसीतल्या 'ताबदान'वरून आलेला, उजेड येण्याची जागा सांगणारा, तो वाड्यांच्या खिडक्यांतच राहिला. 'डिकीचं तावदान' असं म्हणून बघा, कॅम्प ४ मध्ये कुणी वळूनही बघणार नाही.

पुढच्या काचेचं घराणं वेगळं. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३मध्ये एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला पापुद्रा होता. १९०९मध्ये त्याने दोन काचांमध्ये पापुद्रा धरण्याचं पेटंट घेतलं. आपल्या पुढच्या काचा त्या वंशातल्या. त्या भेगाळतात, पण चालकाच्या मांडीवर येत नाहीत. जुन्या गाड्यांत पुढचीही काच टफन, म्हणजे तापवून झटक्यात गार केलेली, असे. तिला हायवेवर खडा लागला की समोर एकदम धुकं, आणि ड्रायव्हर मूठ मारून त्यात भोक पाडायचे. बाजूच्या आणि मागच्या काचा मात्र टफनच राहिल्या. फ्रान्सच्या सेंट-गोबेनने टफनला 'सेक्युरिट' हे नाव दिलं. ही कंपनी १६६५ची, चौदाव्या लुईच्या आरशांसाठी निघालेली. म्हणजे हूकचं पुस्तक लंडनमध्ये निघालं त्याच वर्षी पॅरिसमध्ये या कारखान्याची सनद लिहिली जात होती. आज तिची सेक्युरिट काच पुण्याजवळ चाकणलाही होते.

सपाट काचेसाठी तर इतकंही लांब जायला नको. मलंगगडाच्या पलीकडे तळोज्याला असाही इंडियाचा कारखाना आहे. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती आपोआप सपाट करायची ही रीत, पिल्किंग्टनने १९५९मध्ये जाहीर केलेली. पण सपाट काच ही अजून डिकीची काच नव्हे. तिला आधी कापतात, वायपरचं भोक पाडतात, कडा घासतात, काळी किनार आणि डिफॉगरच्या चांदीमिश्रित रेघा छापतात. सगळं झाल्यावर सव्वासहाशे अंशांच्या वर तापवतात, बाक देतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. त्या काही सेकंदांत बाज विणली जाते. त्यानंतर कापणं नाही, भोक नाही, कड घासणं नाही. एक मिलिमीटर जास्त झाली तर तेवढा छाटताही येत नाही.

माझ्या लेखी सगळ्या कुळकथेत महत्त्वाचं काय ते हे. जुना काचवाला हिऱ्याची कणी बसवलेलं कटर घेऊन यायचा, तावदान मापून कापायचा, लांबी लावून जायचा. त्याचा हुन्नर हातात होता. टफनने तो भट्टीत नेला. जिथे काहीही बनतं त्या उल्हासनगरातही ही काच बनत नाही, कमीही करता येत नाही, फक्त मागवता येते. मग दुकानादुकानांत फरक कसला? माझ्या पहिल्या दुकानदाराला वाटत होतं, दराचा. तसा तो नाही. कारागिराच्या हाती आता काचेचं काही उरलेलं नाही, उरलाय तो गोंद.

जुन्या काळी गोंदही नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची मागची काच रबरात बसे. रबराच्या खाचेत सुतळी भरायची, एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आत बसून सुतळी ओढत जायचं. रबराची ओठाळी पत्र्यावर चढत येई. दोघांचं जमलं नाही तर शिव्या. आता काच थेट पत्र्याला पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनने, चिकटते.

म्हणून या साईंनी मला मॉडेलपेक्षा बाकीचंच जास्त विचारलं. साल कोणतं? डिफॉगर आहे? वायपर? एरियलची तार काचेत आहे का? एकाच गाडीच्या दोन प्रकारांच्या काचा बाहेरून सारख्या दिसतात आणि बसवल्यावर वायपरला भोक नसतं. मग टॉर्च घेऊन चौकटीत गंज आहे का ते पाहिलं. मी विचारलं, "भंगारातल्या गाडीची चालेल का?" ते म्हणाले, "काच जुनी होत नाही. पण काढताना कडेला टवका गेला असेल तर ती कधी जाईल सांगता येत नाही." टफनचा जीव कडेला असतो. नवी काच त्यांनी मला कोपरा दाखवूनच दिली: आयएसआयची खूण, आयएस २५५३. माझ्यापुढच्या गिऱ्हाइकाला काळी फिल्म हवी होती. त्याला त्यांनी हात जोडले. नियमाने मागच्या काचेतून ७० टक्के उजेड यायला हवा, आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्मवर बंदी घातल्यापासून त्यांनी तो धंदा सोडलाय.

विम्याचं एका वाक्यात: सर्वंकष विम्यात काचेला घसारा कापत नाहीत, पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो, तेव्हा आधी दोन्ही आकडे समोर मांडावे.

दुपारभर पोरगा खडे वेचत होता. सीटच्या शिवणीतून, स्टेपनीच्या खळग्यातून, बेल्टच्या फटीतून. मग जुना पीयू पात्याने तासला, पण पत्र्यापर्यंत नाही. पातळ थर मुद्दाम ठेवला, कारण नवा गोंद जुन्यावरच चांगला धरतो आणि रंग खरवडला तर गंज धरतो. प्राइमर लावला. वाळेपर्यंत बसून राहिला. मला वाटलं टाइमपास करतोय. नंतर कळलं, तेच काम आहे. गनने पीयूची सलग, उभ्या त्रिकोणासारखी वळी फिरवली, कुठे न तोडता, जिलेबीवाल्याच्या हाताने. दोघांनी काच उचलून टेकवली, दाबली, पट्ट्या मारल्या. पीयू हवेतली ओल पिऊन पिकतं. आपल्या दमट हवेत ते काम सोपं होतं, मात्र चिकटायच्या जागी पाण्याचा थेंब चालत नाही. जुलैत ते ताडपत्री बांधून बसवतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. पोरगा टॉर्च घेऊन डिकीत शिरला, मालकांनी बाहेरून पाइप सोडला. आतून आवाज आला, "कोरडं." मग त्याने डिफॉगर चालू केला, काचेवर तोंडाने वाफ सोडली आणि रेघ न् रेघ पुसली जाते का ते बघत बसला. एकही राहिली नाही.

"काका, दोन दिवस एक खिडकी जरा उघडी ठेवा. सगळं बंद करून दार आपटलं की आतली हवा काच ढकलते. आणि धुऊ नका."

टेबल त्यांच्या दुकानातच, भिंतीला टेकून उभं होतं. ते मी रिक्षाने घरी नेलं.