थायरॉइडची गोळी: सोऱ्याच्या भट्टीतून निघालेले कूळ

थायरॉइड ग्रंथी मंदावली की बहुधा आयुष्यभर घ्यावी लागणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी दिसायला क्षुल्लक असते. 50 मायक्रोग्रॅमच्या गोळीत औषध म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग; बाकी सगळे भरताड. रोज एक गोळी या हिशेबाने एक ग्रॅम औषध एका माणसाला 54 वर्षे पुरते. या औषधाच्या रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून लॅबच्या रिपोर्टवर त्याचे नाव टी-फोर. शरीर त्यातला एक अणू काढून टाकते. मग उरतो तो टी-थ्री, आणि पेशींचा खरा कारभार त्याच्यावर चालतो. गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉइडला हाकणारे मेंदूकडचे संप्रेरक) नॉर्मल आहे, तरी अंग मोडल्यासारखे वाटते, केस गळतात, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत, अशी तक्रार करणारे गोळी घेणाऱ्यांत शेकडा 5 ते 10 असावेत असा सर्वसाधारण अंदाज आहे. या तक्रारीवरचा बहुतेक वाद त्या एका काढलेल्या अणूभोवती फिरतो. आयोडीन मुळात औषधांच्या कपाटात आले कसे, याचा माग काढत गेले की वाट युद्धाच्या दारूगोळ्यात शिरते आणि तिचे एक टोक हिंदुस्थानात निघते.

दारूगोळ्याचा मुख्य घटक सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तोफेच्या दारूत शंभर भागांत सुमारे 75 भाग सोरा, उरलेले कोळसा आणि गंधक. गोठ्यातली, जुन्या वस्तीतली माती वर्षानुवर्षे शेणामुताने मुरली की कोरड्या दिवसांत तिच्यावर पांढरी पूड चढते. जुन्या भिंतीला लागणारा लोणा हा तिचाच भाऊबंद. बिहारमधले नोनिया लोक ही माती खरवडून पाण्यात कालवत, ते पाणी गाळत आणि आटवून सोरा काढत. मोगलांना त्याचा दुसराही उपयोग ठाऊक होता. अकबराच्या असीरगडाच्या मोहिमेत असलेल्या, त्याच्या दरबारातल्या अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त पाणी गार करण्यासाठी बादशहाच्या आबदारखान्यात सोरा वापरत असल्याची नोंद केली आहे. 1601 मध्ये असीरगड पडला आणि त्याच्या जवळचे बुऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिणेतल्या स्वाऱ्यांचे ठाणे बनले. आग्र्याहून सुरतेला जाणारे दोन रस्ते होते, एक अहमदाबादवरून आणि दुसरा बुऱ्हाणपुरावरून. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच व्यापारी या वाटांनी नीळ, कापड आणि सोरा बंदराकडे नेत. त्यातली काही पोती बुऱ्हाणपूरच्या सराईत उतरली नसतील असे मानणे अवघड आहे, मग वखारींच्या कागदांत गावाचे नाव सोऱ्याच्या रकान्यात असो वा नसो.

पुढे व्यापाराचे केंद्र पाटण्याकडे सरकले. 1757 मध्ये प्लासीची लढाई झाली आणि लवकरच बिहारच्या सोऱ्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. इंग्लंडशी चाललेल्या सात वर्षांच्या युद्धात फ्रान्सला याची झळ बसली. 1775 मध्ये फ्रेंच सरकारने दारूगोळ्याचे खाते नव्याने उभारले आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याला त्यात नेमले. हिंदुस्थानचा सोरा मिळणार नसेल तर तो घरच्या मातीतून काढायचा, असा हा बेत होता. डिजाँ शहरातला कुर्त्वा नावाचा माणूस याच धंद्यात होता आणि त्याचा मुलगा बर्नार पुढे पॅरिसजवळ सोरा करू लागला.

1811 च्या सुमारास बर्नार कुर्त्वा समुद्री शैवालाची राख पाण्यात विरघळवून तिच्यातले क्षार काढत होता. तांब्याची भांडी खंगत होती. तळाचा गाळ साफ करायला गंधकाम्ल ओतले, ते जरा जास्त झाले, आणि भांड्यातून जांभळी वाफ निघाली. वाफ थंड पृष्ठभागावर जाऊन काळसर, चकचकीत स्फटिक झाली. ते आयोडीन. शोधाचा मान मिळाला, पैसा मिळाला नाही: 1831 मध्ये 6,000 फ्रँकचे पारितोषिक आणि 1838 मध्ये गरिबीत मृत्यू.

शैवालाची राखच का, हा प्रश्न रसायनशास्त्राची बरीचशी पुस्तके एका वाक्यात उरकतात. फ्रान्सच्या मातीतून निघतो तो मुख्यतः कॅल्शियम नायट्रेट. त्याचा सोरा करायला लाकडाची राख लागते. लाकूड महागले म्हणून किनाऱ्यावरचे शैवाल जाळले. हे खोटे नाही, पण अर्धे आहे. बिहारचा सोरा तयार पोटॅशियम नायट्रेट म्हणूनच जहाजात चढत असे. तो मिळत राहिला असता तर पॅरिसमध्ये राखेसाठी धावाधाव करण्याची वेळ आली नसती. दुसरे स्पष्टीकरण नेपोलियनच्या काळातल्या इंग्रजी नाकेबंदीला श्रेय देते. तेही थोडे उशिराचे वाटते, कारण घरचा सोरा करण्याचे खाते नेपोलियन लहान मुलगा असतानाच उभे राहिले होते. म्हणून कारणांची साखळी प्लासीपर्यंत मागे नेणे जास्त पटते. या मांडणीवर एक आक्षेप मात्र खोडता येत नाही. स्कॉटलंड आणि नॉर्मंडीत साबण व काचेच्या धंद्यासाठी शैवाल जळतच होते. कुर्त्वा नसता तरी जांभळी वाफ काही वर्षांनी कोणाच्या तरी भट्टीतून निघालीच असती. पण ती कधी आणि कोणाच्या हाती निघाली याला महत्त्व आहे, कारण औषधाचा पुढचा टप्पा लगेच आला.

जिनिव्हातल्या कॉइंदे या डॉक्टरला गलगंडावर जळलेला स्पंज देण्याचा जुना युरोपीय उपाय माहीत होता. स्पंज समुद्रातला, शैवालही समुद्रातले, तेव्हा गुण आयोडीनचाच असणार, असा तर्क करून 1820 मध्ये त्याने आयोडीनचे थेंब द्यायला सुरुवात केली. गाठी उतरल्या. त्याचबरोबर काही रोग्यांची छाती धडधडू लागली, हात कापू लागले, झोप उडाली, अंग वाळले, आणि शहरात औषधाविरुद्ध ओरड सुरू झाली. थायरॉइडचे औषध घेऊन माणूस आजारी पडतो ही तक्रार अशी या औषधाच्या पहिल्याच वर्षांतली आहे.

गलगंडाचे कारण म्हणून आयोडीनच्या कमतरतेला हिंदुस्थानात एक तगडा प्रतिस्पर्धी होता, तो म्हणजे पाणी. 1830 च्या दशकात जॉन मॅक्लेलंडने कुमाऊंच्या गावांची पाहणी करून गलगंडाचा दोष चुनखडीच्या पाण्यावर ठेवला. हे मत खरे असते तर बुऱ्हाणपूरची धडगत नव्हती. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी कुंड्यांच्या रांगेतून शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. त्याच्या भुयाराच्या भिंतींवर चुन्याची पुटे चढलेली आजही दिसतात. पुढे गिलगिटमध्ये रॉबर्ट मॅकॅरिसनने पाण्यातल्या घाणीवर संशय घेऊन गढूळ पाण्याचा गाळ स्वतः पिऊन पाहिला. निकाल लागला 1956 पासून कांगडा खोऱ्यात. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवले आणि तिथला गलगंड उतरला. 1962 मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावर देशभर बंदी पुन्हा लागू झाली. त्यामुळे आज शहरात थायरॉइड मंदावतो तो बहुधा आयोडीन कमी पडून नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. या विकाराचे वर्णन जपानी डॉक्टर हाशिमोतोने 1912 मध्ये केले. अशा रोग्याने आयोडीनचे थेंब किंवा शैवालाच्या कॅप्सूल घेतल्या तर ग्रंथी आणखी मंदावू शकते.

थायरॉइड मंदावलेल्या रोग्याला मेंढीच्या ग्रंथीचा रस टोचण्याचा डॉक्टर जॉर्ज मरेचा 1891 चा प्रयोग आणि पुढच्याच वर्षी ग्रंथी तोंडाने देण्याची सुरुवात या गोष्टी सर्वपरिचित आहेत. कमी परिचित आहे ते त्यानंतरचे. 1895 मध्ये जर्मनीत बाउमानला थायरॉइड ग्रंथीत आयोडीन सापडले, आणि तेव्हापासून आयोडीन हे औषधाचे मापच होऊन बसले. कत्तलखान्यातल्या डुकरांच्या ग्रंथी वाळवून केलेल्या गोळ्यांची प्रत त्यांत आयोडीन किती यावर ठरे. आयोडीन पुरेसे आहे म्हणजे संप्रेरकही पुरेसे आहे असे मात्र नसते. एका खेपेच्या गोळ्यांनी माणूस टवटवीत, दुसऱ्या खेपेच्या गोळ्यांनी सुस्त, असे होई आणि दोष रोग्याच्या मनावर जाई. रक्ताची तपासणी आली तीही प्रथिनांना चिकटलेले आयोडीन मोजणारी. सोऱ्याच्या भट्टीतून अपघाताने निघालेल्या मूलद्रव्याने निदान, औषध आणि तपासणी या तिन्हींवर असा पन्नासहून अधिक वर्षे कब्जा ठेवला.

25 डिसेंबर 1914 रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्याच्या हाती 33 ग्रॅम लागले. त्याने रेणूवर आयोडीनचे अणू मोजले तीन, आणि ते चुकले. चार अणूंची खरी रचना 1926 मध्ये चार्ल्स हॅरिंग्टनने दाखवली. 1952 मध्ये ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांना तीन अणूंचे संप्रेरकही रक्तात खरोखरच सापडले, आणि ते चारवाल्यापेक्षा जोमदार निघाले. वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळीत दोन्ही असत. मग नुसत्या टी-फोरवर काम भागेल का? 1970 मध्ये ब्रेव्हरमन आणि सहकाऱ्यांनी थायरॉइड नसलेल्या माणसांना टी-फोर देऊन शरीर त्यापासून टी-थ्री बनवते हे सिद्ध केले. नुसती टी-फोरची गोळी देण्याची आजची वहिवाट या शोधावर उभी आहे.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली आणि कथेतला निर्णायक बदल तिनेच केला असे दिसते. यालो आणि बर्सन यांनी इन्शुलिनसाठी बसवलेली किरणोत्सर्गी मोजणी टीएसएचसाठी उसनी घेतली गेली. तोवर रोज 200 ते 300 मायक्रोग्रॅम देणे नेहमीचे होते. डॉक्टर नाडी, कातडी, वजन पाहत आणि रोग्याला विचारत. टीएसएच मोजल्यावर हा डोस जादा आहे हे कळले आणि तो 100 ते 150 वर आला. हृदयाची अनियमित धडधड आणि हाडांची झीज टळली, हा फायदा मोठा होता. पण टीएसएच सोडणाऱ्या, मेंदूच्या तळाच्या पिट्युइटरी ग्रंथीला टी-फोरपासून टी-थ्री करून घेणे इतर अवयवांपेक्षा चांगले जमते. म्हणून पिट्युइटरी समाधानी, टीएसएच नॉर्मल आणि बाकी शरीर मात्र उपाशी, असे काही जणांत होत असावे असे एक मत आहे. 1999 मध्ये लिथुआनियातल्या बुनेव्हिचिउसने 33 रोग्यांच्या डोसमधले 50 मायक्रोग्रॅम टी-फोर काढून 12.5 मायक्रोग्रॅम टी-थ्री दिले आणि त्यांची मनःस्थिती सुधारली. नंतरच्या चाचण्यांची गोळाबेरीज 2006 मध्ये झाली तेव्हा सरासरी फायदा दिसला नाही. अणू काढणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात विशिष्ट फरक असणाऱ्यांना दोन्हींचा मेळ मानवतो, असे 2009 च्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. सरासरीत असे थोडे लोक बुडून जात असतील, ही शक्यता त्यामुळे उरते.

भरताडाचेही एक उपकथानक आहे. 2017 मध्ये फ्रान्समध्ये लेव्होथायरॉक्सिनच्या एका प्रसिद्ध ब्रँडमधले लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातले. औषध तेच, मात्रा तीच. तरी तक्रारींचा पूर आला आणि त्याच वर्षी जुने मिश्रण पुन्हा विक्रीला आणावे लागले.

गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, हा नियम ग्रॅमच्या वीस हजाराव्या भागाचाही काही अंश अन्न अडवते म्हणून आहे. बुऱ्हाणपुरात उठल्याबरोबर दुधाचा चहा आणि सणासुदीला त्याच्यापाठोपाठ मावा जिलेबी येते, तिथे हा अर्धा तास पहिला कापला जातो. सोयाबीनचे पदार्थही गोळीपासून लांब ठेवावेत. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या औषधाला आतड्यात धरून ठेवतात. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. कुंडी भंडाऱ्याच्या पाण्यातला चुना या गोळ्यांच्या मानाने थोडा, त्याची धास्ती नको. केसांसाठी घेतलेले बायोटिन गोळीला अडवत नाही, पण तपासणीचा आकडा बिघडवते, म्हणून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवतात. हे सगळे पाळूनही बरे वाटत नसेल तर हिमोग्लोबिन, बी-12, झोपेतला श्वास आणि गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिॲक विकार तपासून घेतात. टी-थ्री जोडण्याचा विचार त्यानंतर, तोही हृदय ठीक असेल तर आणि हार्मोनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. गर्भारपणात तो करत नाहीत. डोस किंवा ब्रँड बदलला तर टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा पाहतात. रक्तातले औषध निम्मे व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात, आणि 6 आठवड्यांच्या आत काढलेल्या आकड्यात जुन्या आणि नव्या गोळ्यांची सरमिसळ असते.