गंभीर मारहाणीची शिक्षा कशी ठरते?
खरवई-बदलापूर परिसरातील असो वा अन्यत्रची, मारहाणीची शिक्षा प्रथम जखमेवरून ठरते. हाड मोडणे, डोळा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ होय. धारदार शस्त्राने ती जाणूनबुजून केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(२) नुसार किमान १ वर्ष कैद, कमाल जन्मठेप होते. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असल्यास जुने कलम ३२६ लागू होते. त्यात किमान शिक्षा नव्हती.

दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकले जाते. पूर्वनियोजन, क्रौर्य, आरोपीचे वय व पूर्वीचे गुन्हे न्यायालय तोलते. दंडातून जखमीस भरपाई देता येते. त्यामुळे पहिला वैद्यकीय दाखला दोन्ही पक्षांसाठी निर्णायक ठरू शकतो.