कॅलिफोर्नियाचा आकडा, मराठवाड्याची माती

मराठवाड्यात रस्त्याचे काम निघाले की साईटवर पहिला प्रश्न ठरलेला : सीबीआर किती आला? उत्तर दोन-तीन असेल तर खडी, मुरूम आणि खर्च तिन्ही वाढणार, हे डंपरवाल्यालाही कळते. सीबीआर म्हणजे जमिनीची भार पेलण्याची ताकद सांगणारा आकडा आणि त्यातला ‘सी’ म्हणजे कॅलिफोर्निया. आपल्या काळ्या मातीची पत तिकडच्या मापाने का ठरावी?

रस्त्यावरचे ओझे शेवटी खालची जमीनच पेलते आणि कोरडी राहिली तर चांगली पेलते, हे स्कॉटलंडच्या जॉन मॅकअ‍ॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सांगून ठेवले होते. म्हणून तो त्याच्या काळातल्या टेलफर्ड या अभियंत्यासारखा मोठ्या दगडांचा पाया न घालता लहान फोडलेली खडी पसरायचा. पण कोणत्या जमिनीवर किती जाडीचा थर, याचे गणित त्याच्यापाशी नव्हते. घोडागाड्यांच्या काळात त्यावाचून फारसे अडतही नव्हते. ट्रक आले आणि अडले.

कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातल्या ओ. जे. पोर्टर यांनी 1928-29 च्या सुमारास तिथल्या बिघडलेल्या रस्त्यांची तपासणी केली. भेगा वर दिसत होत्या, पण दुखणे बहुतेक वेळा खाली होते : पाणी मुरून मऊ झालेली, नीट न दबलेली माती चाकाखालून बाजूला सरकत होती. यातून त्यांनी चाचणी बेतली, तीही फारशा सिद्धांताच्या नादी न लागता. उत्तम फोडलेल्या दगडाला शंभर गुण द्यायचे आणि बाकी प्रत्येक मातीला त्याच्याशी ताडून पाहायचे. सुमारे 50 मिलिमीटर व्यासाचा लोखंडी दट्ट्या मिनिटाला सव्वा मिलिमीटर या गतीने दाबलेल्या मातीत घुसवतात. तो अडीच मिलिमीटर आत जायला त्या प्रमाण दगडात 1370 किलो भार लागतो. आपल्या मातीत 41 किलोंतच काम भागले, तर सीबीआर जेमतेम तीन टक्के.

पण पोर्टर यांच्या चाचणीचे मर्म मला दट्ट्यापेक्षा त्याआधीच्या पाण्यात दिसते. मातीचा साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. वर वजने ठेवलेली असतात, पुढे होणाऱ्या रस्त्याच्या भाराची प्रतिनिधी म्हणून. म्हणजे परीक्षा मे महिन्यातल्या जमिनीची नसते, ऑगस्टमधल्या जमिनीची असते. दख्खनच्या काळ्या मातीचे पितळ इथेच उघडे पडते. उन्हाळ्यात ती ढेकळासारखी कठीण होते, भेगाळते. पण तिच्यातले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते. कोरडेपणी रुबाब दाखवणारी ही माती चार दिवसांच्या भिजवणीनंतर बऱ्याचदा दोन ते चार टक्क्यांवर येते. मग ती काढून मुरूम भरा, नाहीतर चुना मिसळून तिचा फुगीरपणा कमी करा. पावसाचे पाणी आत मुरणार असेल, तर नुसते डांबर वाढवून भागत नाही.

ही चाचणी जगभर पोहोचली ती युद्धामुळे. अवजड बॉम्बफेकी विमानांसाठी घाईने धावपट्ट्या हव्या होत्या आणि नवे शास्त्र रचायला सवड नव्हती. 1942 मध्ये अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने पोर्टर यांची पद्धत उचलली आणि सीबीआरवरून थराची जाडी सांगणारे ट्रकच्या चाकांसाठीचे आलेख विमानांच्या वजनापर्यंत ताणले.

आपल्याकडे पोर्टर यांच्या पाहणीच्याच सुमारास बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालची रस्ते समिती काम करत होती. तिच्या शिफारशींच्या वाटेने 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. या संस्थेने डांबरी रस्त्यांच्या जाडीसाठी आयआरसी 37 ही मार्गदर्शिका 1970 मध्ये काढली, तेव्हा पाया सीबीआरचाच धरला. पुढच्या आवृत्त्यांत थरांमधला ताण संगणकावर काढणे आले. तरी मातीचा लवचिकपणा मोजायची महागडी यंत्रे सगळीकडे नसतात, म्हणून तिथेही सोय ठेवलेली आहे : सीबीआर पाचपर्यंत असेल तर त्याला दहाने गुणा आणि पुढच्या गणितात घाला.

खुद्द कॅलिफोर्नियाने मात्र युद्धानंतर ही चाचणी बाजूला सारून फ्रान्सिस ह्वीम यांची ‘आर-व्हॅल्यू’ ही दुसरी चाचणी स्वीकारली.