पीचवरील पर्णवलन रोग व त्याच्या नियंत्रणाचा इतिहास

प्रस्तावना :
पीच हे मूळचे चीनमधील फळ इराणमार्गे युरोपात पोहोचले. मराठीतील 'सप्ताळू' हे त्याचे नाव फारसी 'शफ्तालू' या शब्दाशी नाते सांगते. या झाडाचा जुना शत्रू म्हणजे पर्णवलन रोग. वसंतात कोवळी पाने जाड होतात, लालसर पडतात, आकसतात व गळून जातात. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास मिरचीवरील 'चुरडामुरडा' परिचित आहे. परंतु तो विषाणू व रसशोषक किडींमुळे उद्भवतो, तर पीचवरील रोग 'टॅफ्रिना डिफॉर्मन्स' या बुरशीमुळे होतो. हा भेद समजण्यास मोठा काळ लागला. या आकलनाचा उपचारपद्धतीवर काय परिणाम झाला, याचा विचार येथे केला आहे.

कारणाचा शोध :
एकोणिसाव्या शतकात या रोगाचे खापर कधी थंड हवेवर, तर कधी मावा किडीवर फोडले जात असे. थंड व पावसाळी वसंतात रोग बळावतो, हे निरीक्षण खरे होते; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा होता. 1860 मध्ये इंग्लंडमधील बर्कली यांनी या बुरशीचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे बुरशीचे कवकजाल फांदीत वर्षानुवर्षे जिवंत राहते व तेथूनच नव्या पानांत शिरते, असे मत प्रचलित झाले. ते पूर्णतः खरे असते, तर बाहेरून केलेली फवारणी निरुपयोगीच ठरली असती.

बोर्डो मिश्रण व पिअर्स यांचे प्रयोग :
1882 मध्ये फ्रान्समधील मेडॉक भागात प्रा. मिलार्डे यांना रस्त्याकडेच्या द्राक्षवेली केवडा रोगापासून बचावलेल्या दिसल्या. चोरांना दूर ठेवण्यासाठी त्यांवर मोरचूद व चुना शिंपडलेला होता. 1885 मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. पुढे हेच मिश्रण नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्याही नित्य परिचयाचे झाले.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील न्यूटन पिअर्स यांनी कॅलिफोर्नियातील पीचबागांत पद्धतशीर प्रयोग करून 1900 मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. झाड सुप्तावस्थेत असताना, डोळे फुगण्यापूर्वी केलेली फवारणी रोगास प्रभावीपणे रोखते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावरून वसंतातील लागण मुख्यतः सालीवर व डोळ्यांवर टिकून राहिलेल्या बीजाणूंपासून होते, हे स्पष्ट झाले. पान एकदा आकसल्यावर कोणताही उपाय लागू पडत नाही. म्हणजेच औषधाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व वेळेला आहे.

नैसर्गिक उपायांचे मूल्यमापन :
मोरचूद व चुना ही खनिजद्रव्ये असल्यामुळे सेंद्रिय शेतीतही तांब्याच्या फवारणीस मर्यादित मान्यता मिळाली. तथापि तांबे हे मूलद्रव्य असल्याने जमिनीत त्याचे विघटन होत नाही. ते साचत जाते व गांडुळांसारख्या जीवांना अपाय करते. म्हणूनच युरोपीय संघाने 2019 पासून 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबे अशी मर्यादा घातली. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' हे समीकरण येथे टिकत नाही.

अन्य मार्ग रोगाच्या जीवनक्रमावरच आधारलेले आहेत. लागणीसाठी कोवळ्या पानांवर ओलावा लागतो; म्हणून भिंतीलगतच्या झाडांवर हिवाळ्याच्या अखेरीपासून आच्छादन घालून पाऊस अडविला जातो. 'फ्रॉस्ट'सारख्या प्रतिकारक्षम जातींची लागवड हाही एक पर्याय आहे. रोगाने पाने गमावलेल्या झाडास पाणी व पोषण देऊन फळांची विरळणी केल्यास त्यावरील ताण हलका होतो.

समारोप :
या इतिहासातून एक बाब स्पष्ट होते. तांब्याचा शोध योगायोगाने लागला. परंतु ते केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, हे रोगाच्या जीवनक्रमाच्या अभ्यासातूनच कळले. पाने आकसल्यावर केलेली फवारणी झाडास वाचवीत नाही. ती जमिनीतील तांबे मात्र वाढविते. यास्तव नैसर्गिक नियंत्रणाचा पाया द्रव्याच्या उगमात नसून रोगाच्या अचूक ज्ञानात आहे, असे म्हणता येते.