खांबावरून दोरीवर

तमिळ भाषेत मल्लखांबास 'मल्लर कंबम्' म्हणतात. एन्नोरसारख्या ठिकाणी, जेथे खाडी, बंदर आणि औष्णिक केंद्रांच्या चिमण्या यांखेरीज डोळ्यांस विरंगुळा नाही, तेथे हा शब्द प्रथम कानी पडला म्हणजे बदलीवर आलेल्या मराठी माणसास दूरचा आप्त भेटल्यासारखे वाटते. जानेवारी २०२४ मध्ये खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धा तमिळनाडूत भरल्या, त्यांतही हा खेळ होता. परंतु मला येथे सांगावयाचे आहे ते निराळेच : या खेळातील मुलींविषयी.

मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात सापडतो. त्याचे पुनरुज्जीवन केले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी. निजामाकडून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारून त्यांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर तपस्या केली व वानरांच्या चपळाईवरून ही विद्या उचलली, अशी परंपरागत कथा आहे. कथा तशीच घ्यावी की नाही, हा प्रश्न वेगळा. १८१८ साली राज्य गेले, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला, आणि मल्लखांबही त्या मराठी वसाहतीत जाऊन रुजला. बडोद्यास तर 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध झाला. मराठी मुलखाबाहेर आपल्या लोकांनी काय जपले, याची ही मोठी साक्ष होय.

या साऱ्या इतिहासात गुरूंची नावे आहेत, शिष्यांची आहेत. स्त्रियांची जवळजवळ नाहीत. ब्रह्मावर्तात वाढलेल्या मनूने, म्हणजेच पुढील राणी लक्ष्मीबाईने, हा व्यायाम केल्याचे सांगतात, तेवढेच. लंगोट लावून, एरंडेल चोपडलेला लाकडी खांब मांड्यांत आवळावयाचा, हा प्रकार तत्कालीन समाजास मुलींसाठी मानवणारा नव्हता हे उघड आहे. त्यांच्या वाट्यास आली ती प्रामुख्याने दोरी. पूर्वी तेथे वेत वापरीत. चांगला वेत दुर्मिळ झाल्यावर सुती दोरी आली. ती पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत धरून वर चढावयाचे, अंगाभोवती अढी घालावयाची आणि हात सोडून आसन साधावयाचे. गाठ मात्र कोठेही मारावयाची नाही. खांब निदान जागचा हलत नाही. दोरी अंगाबरोबर हलते. तेव्हा जे सोपे म्हणून दिले गेले, ते सोपे मुळीच नव्हते.

मुंबईस शिवाजी पार्कवर १९२५ साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने या दोरीस प्रतिष्ठा दिली. तेथील उदय देशपांडे हे सीमाशुल्क खात्यात नोकरी केलेले गृहस्थ (आम्हां सरकारी नोकरांस ही गोष्ट विशेष सुखावणारी), आणि त्यांनी दृष्टिहीन मुलींनाही दोरीवर चढविले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

याच मुंबईची हिमानी उत्तम परब. २०२१ च्या अर्जुन पुरस्कारांत तिचे नाव आले आणि त्या वर्षी १३ नोव्हेंबरला राष्ट्रपती भवनात तिने तो स्वीकारला. मल्लखांबास मिळालेला हा पहिला अर्जुन पुरस्कार. हे पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी, १९६१ साली, जिम्नॅस्टिक्सकरिता श्यामलाल यांना तो मिळाला होता. परदेशातून आलेल्या कसरतीस पहिल्या वर्षी मान, आणि घरच्या विद्येस साठ वर्षांनी! शिवाय तो मिळवून दिला कोणी, तर जिला खांबापासून दूर ठेवले त्या परंपरेतील एका मुलीने. याचा आनंद मानावा की खंत, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

आगरतळ्याच्या दीपा कर्माकरशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. २०१६ साली रिओ येथे व्हॉल्ट प्रकारात १५.०६६ गुण मिळवून ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले, आणि तो अपूर्णांक देशभर पाठ झाला. तिच्या उडीस तोलणारी मापे जगाने पूर्वीच ठरविलेली होती. मल्लखांब ऑलिंपिकमध्ये नाही. त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली ती २०१९ च्या फेब्रुवारीत, आणि तीसुद्धा शिवाजी पार्कवरच.