'पाहा' आणि 'तुलना करा' : इंग्रजी ग्रंथलेखनातील संदर्भखुणा

इंग्रजीतील एखादा संशोधनग्रंथ, न्यायनिर्णय किंवा कोश उघडला की मजकुराच्या मध्ये अथवा तळटिपांत काही आखूड शब्द वारंवार भेटतात : 'सी', 'सीएफ.', 'क्यू.व्ही.', 'सुप्रा', 'इन्फ्रा', 'पासिम'. येथे ज्या विषयाला केवळ स्पर्श केला आहे, त्याचे सविस्तर विवेचन अन्यत्र आहे, हे सांगण्याची ही औपचारिक इंग्रजीची रीत होय. बहुतेक वाचक या खुणा ओलांडून पुढे जातात. लिहिणारेही त्या पुष्कळदा एकाच अर्थाच्या समजून वापरतात. वास्तविक प्रत्येक खूण वाचकाला वेगळे आश्वासन देते.

यांतील बहुसंख्य शब्द लॅटिन आहेत, कारण युरोपातील विद्वानांची ती दीर्घकाळ सामाईक भाषा होती. 'व्हिडे' म्हणजे 'पाहा'. संस्कृतातील 'विद्' धातू आणि हा शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. 'क्यू.व्ही.' हे 'क्वोड व्हिडे'चे, म्हणजे 'जे पाहावे' या शब्दांचे संक्षिप्त रूप. एखाद्या शब्दानंतर कंसात ते आले, की त्या शब्दाची स्वतंत्र नोंद त्याच ग्रंथात आहे असे समजावे. दुसऱ्या ग्रंथाकडे बोट दाखवायला ही खूण चालत नाही.

भारतीय कचेऱ्यांत मात्र 'व्हिडे'ने वेगळाच संसार थाटला. 'अमुक क्रमांकाच्या पत्राने मंजुरी दिली' हे सांगताना इंग्रजी टिपणीत 'व्हिडे' लिहिले जाते. तेथे त्याचा अर्थ 'पाहा' असा राहत नाही, तर 'त्या पत्राच्या आधारे' असा होतो. मराठी राजभाषेने हा फरक नेमका टिपला आहे. 'पत्रान्वये', 'शासन निर्णयान्वये' यांतील 'अन्वये' म्हणजे हाच भारतीय 'व्हिडे'. आधीचे कागद नजरेखालून घालावेत यासाठी शासन निर्णयाच्या माथ्यावर 'वाचा' असा निराळा मथळा येतो. दोन कामांना दोन शब्द, ही स्पष्टता मूळ इंग्रजी टिपणीत सहसा आढळत नाही.

सर्वांत अधिक गोंधळ 'सीएफ.' या खुणेचा. ती 'कन्फर' या लॅटिन आज्ञार्थी रूपावरून आली असून तिचा अर्थ 'तुलना करा' असा आहे. 'सी' म्हटले म्हणजे तेथे या विधानाला आधार मिळेल. 'सीएफ.' म्हटले म्हणजे तेथे काही वेगळे, पण शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, आणि त्यांचे मार्गदर्शकही, 'सीएफ.'ला 'सी'चा अधिक भारदस्त पर्याय मानतात. परिणामी आधार शोधायला गेलेल्या वाचकाच्या हाती प्रतिवाद लागतो. शिकागो विद्यापीठाच्या प्रसिद्ध लेखनसंहितेनेही या चुकीबद्दल सावध केले आहे.

अमेरिकेतील विधिलेखनात हा भेद थेट नियमांत बांधलेला आहे. हार्वर्डसह चार विद्यापीठांच्या विधिनियतकालिकांमार्फत निघणारी 'ब्लूबुक' ही संदर्भसंहिता १९२६ साली अवघ्या २६ पानांची होती. २०१० च्या आवृत्तीत ती पाचशे पानांपलीकडे गेली. तिच्यानुसार दाखल्यापूर्वी कोणतीच खूण नसेल, तर तो निवाडा ते विधान थेट करतो. 'सी' असेल, तर ते विधान त्यातून स्पष्टपणे निष्पन्न होते. 'बट सी' असेल, तर तो निवाडा विरोधात जातो. १९९६ च्या सोळाव्या आवृत्तीने 'थेट सांगणे' आणि 'निष्पन्न होणे' यांतील सीमारेषा पुसट केली, तेव्हा कायद्याच्या प्राध्यापकांतून जोरदार विरोध झाला आणि २००० च्या आवृत्तीत जुनी व्यवस्था परत आणावी लागली. तीन अक्षरी शब्दावरून एवढे वादंग कशाला, असे बाहेरच्याला वाटेल. परंतु न्यायाधीश काय म्हणाले आणि वकिलाने त्यातून काय काढले, हे ओळखण्याची खूण तेवढीच होती.

'सुप्रा' म्हणजे वर, 'इन्फ्रा' म्हणजे खाली. भारतातील न्यायनिर्णयांत एखाद्या खटल्याचा पूर्ण दाखला एकदा दिल्यानंतर पुढे 'केशवानंद भारती (सुप्रा)' एवढेच लिहिण्याचा प्रघात आहे. 'ब्लूबुक' मात्र खटल्यांच्या बाबतीत 'सुप्रा' सहसा वापरू देत नाही. ग्रंथ व लेखांपुरतीच ती मुभा आहे. शेकडो पानांच्या निकालात नुसते 'वर' म्हटल्याने वाचकाने किती पाने मागे चाळायची, हा प्रश्न भारतीय प्रघातात उरतोच. 'पासिम' त्याहून सैल आहे. ठरावीक पानांच्या टप्प्यात विषय जागोजागी विखुरलेला आहे, एवढेच तो सांगतो.

खुणांवर भिस्त ठेवण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'ने १९७४ च्या पंधराव्या आवृत्तीत केला. त्रोटक नोंदींचे दहा खंड 'मायक्रोपीडिया' म्हणून आणि प्रदीर्घ लेखांचे एकोणीस खंड 'मॅक्रोपीडिया' म्हणून वेगळे काढण्यात आले. विषयांची रूपरेषा देणारा 'प्रोपीडिया' हा आणखी एक खंड होता. स्वतंत्र सूची वगळण्यात आली, कारण त्रोटक नोंदींतील निर्देशच सूचीचे काम करतील अशी कल्पना होती. ते घडले नाही. एका खंडातून दुसऱ्या खंडाकडे धाडला जाणारा वाचक वैतागला, टीका होत राहिली, आणि १९८५ साली दोन खंडांची सूची जोडून ती चूक दुरुस्त करण्यात आली.

सूचीतही 'सी' आणि 'सी ऑल्सो' एक नव्हेत. पहिल्याचा अर्थ, येथे काही नाही, तिकडे जा. दुसऱ्याचा, येथे आहे ते वाचा आणि तिकडे आणखी मिळेल. १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने यासाठी देशी सोय केली. मजकुरातील शब्दाआधी बाण दिसला की त्याची वेगळी नोंद आहे असे समजायचे. नोंदीच्या अखेरीस 'पहा' या शब्दापुढे संबंधित नोंदींची नावे येतात. 'क्यू.व्ही.'चे काम एका बाणाने भागले आणि लॅटिनची गरजच पडली नाही.

इंग्रजीतही आता लॅटिनचा सोस ओसरतो आहे. 'त्याच ठिकाणी' या अर्थाच्या 'इबिड.'ऐवजी लेखकाचे नाव व ग्रंथाचे संक्षिप्त शीर्षक द्यावे, अशी शिफारस शिकागो संहितेने २०१७ साली केली. 'इन्फ्रा'च्या जागी 'तिसऱ्या प्रकरणात याची सविस्तर चर्चा केली आहे' असे साधे वाक्य अनेक संपादकांना अधिक पसंत असते. मात्र असे वाक्य लिहिल्यावर तिसरे प्रकरण पुढे चौथे झाले, तर आश्वासन खोटे ठरते. संगणकाने हे क्रमांक आपोआप बदलण्याची सोय केली, तरी ज्याकडे निर्देश केला तो परिच्छेदच वगळला गेला तर तीही हतबल होते. 'वर्ड'मध्ये तेथे संदर्भाचा स्रोत सापडत नसल्याची ठळक इंग्रजी सूचना उमटते, तर गणितज्ञांच्या आवडत्या 'लाटेक' प्रणालीत नुसती दोन प्रश्नचिन्हे. अखेरचे मुद्रितशोधन घाईत उरकलेल्या अहवालांत आणि प्रबंधांत ती तशीच छापलेली आढळतात.