घारापुरीचे नाव आणि दगडी हत्ती

६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेली आपल्या दौंड-शिरूरकडची मंडळी एखादा दिवस हाताशी असला, की गेटवेवरून लाँचने एलिफंटाला जाऊन येतात. बेटाला हे नाव कुणी दिलं, असं विचारलं तर म्हणतात, इंग्रजांनी. तसे नाही, ते पोर्तुगीजांनी दिले. १५३४ च्या वसईच्या तहाने हा मुलूख त्यांच्याकडे गेला. बेटाच्या किनाऱ्याजवळ एक भला मोठा दगडी हत्ती उभा होता, त्यावरून एलिफंटा. पुढे १८६४ साली इंग्रज तो हत्ती विलायतेला न्यायला निघाले. उचलताना साखळी तुटली नि हत्तीचे तुकडे झाले! ते तुकडे मुंबईत आणून १९१४ साली जोडले. आज तो हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे. हत्ती गेला, पण त्याचे नाव बेटाला चिकटून राहिले.

आपल्या दौंडचेही इंग्रजांनी 'धोंड' केले होते. पण ती नुसती जिभेची अडचण. इथे तर मूळ नावच झाकले गेले. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिन्ही वस्त्यांतली माणसे आजही गावाला घारापुरीच म्हणतात. या नावाचा अर्थ कुणी 'गिरिपुरी' म्हणजे डोंगरातले नगर असा लावतात, तर कुणी घारी म्हणजे शंकराचे गुरव, त्यांची ती पुरी, असा. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात कोकणच्या मौर्यांचा पाडाव आणि समुद्रातल्या 'पुरी'वर पुलकेशीच्या आरमाराचा हल्ला आला आहे. ती पुरी हीच, असे काही अभ्यासक मानतात. काही राजापुरीकडे बोट दाखवतात.

आपल्यातले काही उत्साही कार्यकर्ते तिथली सगळी लेणी बौद्धच म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. मोठे लेणे शंकराचे, साधारण सहाव्या शतकातले आहे. पण पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, आणि तो या लेण्याहून काही शतके जुना मानतात. त्या टेकडीला स्तूप टेकडीच म्हणतात बरं का! लाँचमधून उतरलेली गर्दी पायऱ्या चढून मोठ्या लेण्याकडे जाते, तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. आपण जाल तेव्हा तिकडची वाट विचारा. सोमवारी मात्र जाऊ नका, लेणी बंद असतात.